सुधारून दिलेलं वाक्य

आधीच सांगते, मला कीव नको. कीव आली की माणसं आवाज खाली आणून बोलतात, आणि खालच्या आवाजातलं मला हल्ली नीट ऐकू येत नाही. काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणा. मीही मोठ्यानंच सांगणार आहे, कारण हळू सांगितलं तर माझाच धीर सुटेल.

मी गुजराती शिकवायचे. माहेर गुजराती, सासर मराठी. इतकी वर्षं मराठीत संसार केला की आता भांडणसुद्धा मराठीतच सुचतं. पण शिकवायचे ते गुजराती, सुट्टीच्या दिवशी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. ज्यांच्या घरातलं गुजराती स्वयंपाकघरापुरतं उरलंय अशी पोरं यायची, आणि गुजराती घरात लग्न होऊन जाणाऱ्या चार-दोन घाबरलेल्या मुली. पोरं मला पाठीमागे ‘अनुस्वारबाई’ म्हणायची. मला माहीत होतं. मी कधी रागावले नाही, कारण अनुस्वारावरून मी खरोखरच जीव खायचे.

मराठी माणसाला वाटतं, गुजराती म्हणजे काय, डाव्या हाताचा मळ. तीन लिंगं आमच्यातही आहेत की! मोठा, मोठी, मोठं, तसं त्यांचं मोटो, मोटी, मोटुं. झालं. असं म्हणतो आणि पहिल्याच वळणावर आपटतो. आपल्याकडे चहा होतो, तिकडे चा होते. आपलं मांजर नपुंसक, तिकडची बिलाडी बाई. आणि बाईला मान द्यायचा तर मराठी म्हणते ‘सासूबाई आल्या’, सरळ स्त्रीलिंगी. गुजराती तसं करत नाही. ती मानाच्या बाईसाठी नपुंसकाचं अनेकवचन काढते, ‘बा आव्यां’, म्हणजे आई आल्या, आणि शेवटी नाकातून एवढासा सूर सोडते. तो सूर गाळला की घरातली सगळी मोठी बाईमाणसं पुरुष होऊन बसतात. त्या सुरासाठी मी पोरांना रडवलेलं आहे.

माझी एक पद्धत होती. खोलीत तीन टेबलं. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची, तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं आणि बरोबर टेबलावर ठेवायची. ओ-वाल्या वस्तू पहिल्यावर, ई-वाल्या दुसऱ्यावर, उं-वाल्या तिसऱ्यावर. चुकला की वस्तू माझ्या पिशवीत आणि पुढच्या वर्गापर्यंत परत नाही. आया भांडायला यायच्या, ‘बाई, आमची कात्री द्या हो.’ मी म्हणायची, वाक्य बरोबर बोला आणि घेऊन जा. अशी मी खाष्ट.

आमचे हे चष्म्याची भिंगं घासतात. अजूनही अर्धा दिवस दुकानात जातात, घरी येतात तेव्हा बाह्यांवर पांढरी भुकटी असते. स्वभावानं गरीब, पण गुजराती असं बोलतात की देवा रे! यांना प्रत्येक गोष्टीला मराठी लिंग लावायचं. ‘चा थयो?’ म्हणून विचारतात, चहा झाला ना, म्हणून. लग्नानंतर पहिल्या भेटीत माझ्या बहिणीला म्हणाले होते, ‘बिलाडी आव्युं.’ घरभर हशा पिकला. मी तर यांना चारचौघांत सुधारायचे. अर्ध्या वाक्यात तोडून. यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही.

बहीण म्हणजे मोटीबेन. आई लवकर गेली, मग मोटीबेननंच मला वाढवलं. स्वतः शिवणाच्या दुकानात बसली, मला शिकायला पाठवलं. मी शिकवायला लागले तेव्हा तिला कोण आनंद! दर आठवड्याला आमचा फोन ठरलेला. ती फोनचा स्पीकर चालू करून कापडाच्या ढिगावर ठेवायची आणि गिऱ्हाइकांना म्हणायची, ‘सांभळो, मारी बेन बोले छे.’ ऐका, माझी बहीण बोलतेय. जसं काही रेडिओच लावलाय. मीही मग जरा ऐटीतच बोलायचे, खोटं कशाला सांगू.

आमचं दोघींचं एक पक्कं ठरलेलं होतं. तिचं दुकान आवरलं की तिनं आमच्याकडे यायचं. यांचं जुनं घासायचं यंत्र ज्या मागच्या खोलीत पडून होतं ती खोली तिची. यंत्र भंगारात देऊन झालं, भिंती रंगवून झाल्या, खिडकीला पडदा लावून झाला. ‘आता तू फक्त ये,’ असं मी दर फोनला म्हणायची.

आणि मग मला तो झटका आला.

सकाळी धुतलेले कपडे घड्या करत होते. उजव्या हातातून टॉवेल निसटला. उचलायला वाकले आणि तिथंच बसले. पुढचं मला धड आठवत नाही. दवाखान्यात जाग आली तेव्हा तोंड वाकडं झालं होतं, हात लाकडासारखा. पण हळूहळू सगळं परतलं. हात आला, पाय आला, मराठी तर भराभर आली. डॉक्टर म्हणाले, ‘वा, आजी, तुम्ही तर आमच्यापेक्षा चांगलं बोलताय!’ हे दारात उभे राहून डोळे पुसत होते. सगळे खूश. मीही खूश.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक मुलगी यायची. ती चित्रं दाखवायची म्हणून मी तिला चित्रवाली म्हणायची. छत्री, शिडी, कुत्रा, पाऊस. मी धडाधड सांगितलं. तिनं विचारलं, ‘घरात आणखी कुठली भाषा बोलता का? दोन भाषा असतील तर कधीकधी एक मागे राहते. जवळचं कुणी रोज त्या भाषेत बोलत बसलं तर पुष्कळ परत येतं.’ हे काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी म्हणाले, ‘नाही. आम्ही मराठीच.’

का म्हणाले? कारण आदल्या दिवशी एका पोराच्या आईचा फोन आला होता. चौकशीला. मी गुजरातीत बोलायला गेले आणि तोंडातून निघालं, ‘मारो तबियत सारुं छे.’ तब्येत, जी बाई आहे, तिला मी एकाच वाक्यात पुरुष केली आणि नपुंसकही केली. ती बाई हसली. तिला वाटलं बाई थट्टा करताहेत. मी फोन ठेवला.

शब्द सगळे होते. एकही गेला नव्हता. गेलं होतं ते शेपूट. ओ, ई, उं यातलं कुठलं लागायचं ते जिभेला कळेना. आणि गंमत बघा, कानाला कळत होतं! बोलून झालं की कान लगेच सांगायचा, चुकलीस. कान तसाच मास्तरीण आणि जीभ शेवटच्या बाकावरची ढ. आपणच आपल्याला रागवायचं आणि आपणच अंगठे धरून उभं राहायचं.

तरी मी वर्गावर गेले. म्हटलं, गेले की सवयीनं येईल. पहिल्याच पोरीला विचारलं, ‘तारो चोपडी क्यां गयुं?’ तुझी वही कुठे गेली, एवढंच विचारायचं होतं. पोरं ओरडली, ‘तारी! गई!’ त्यांना वाटलं बाईंचा सापळा आहे. मी पूर्वी मुद्दाम चुकीचं बोलून त्यांना पकडायला लावायची ना! मी म्हणाले, शाबास. दुसरं वाक्य चुकलं, पुन्हा पोरं ओरडली, पुन्हा शाबास. तिसरं. चौथं. मग ओरडणारे आवाज कमी कमी होत गेले. पुढच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघत होती, हसणं थांबवून. तिला कळलं होतं. एवढीशी पोर, पण तिनं मान खाली घातली, मला लाजायला नको म्हणून. मी ‘डोळ्यांचा त्रास होतोय’ असं सांगून वर्ग बंद केला. वाचनालयात त्यानंतर पाऊल टाकलं नाही.

घरी मी स्वयंपाकघराचं दार लोटून सराव करायची. ओट्यावर चमचो, चमची, ढांकणुं मांडायचे. बघा, किती सोपं, शब्दाच्या पोटातच उत्तर आहे! चमचो म्हणजे मोटो. ढांकणुं म्हणजे मोटुं. माझ्या वर्गातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंसुद्धा पहिल्या दिवशी हे करायचं. आणि मी म्हणायची, ‘ढांकणुं मोटी.’ झाकण ओट्यावर आपटायची आणि पुन्हा म्हणायची. हे बाहेरून विचारायचे, ‘काय पडलं गं?’ मी म्हणायची, ‘तुम्हाला काय करायचंय!’

आणि दर आठवड्याला फोन वाजायचा.

पहिल्यांदा यांना सांगितलं, सांगा, झोपलीय. मग अंघोळीला गेलीय. मग बाहेर गेलीय. आजारातून उठलेली बाई सारखी बाहेर कुठे भटकतेय, असं मोटीबेनला वाटलं असणार. एकदा हे दुकानात असताना फोन आला आणि चुकून मीच उचलला. तिकडून दुकानातला कलकलाट, मशीनचा आवाज आणि तिचं ते, ‘सांभळो!’ मी मराठीत म्हणाले, ‘आवाज येत नाहीये, नंतर बोलू.’ आणि ठेवला. माझी बहीण. जिनं माझी वेणी घातली तिच्याशी मी गॅसच्या सिलिंडरवाल्याशी बोलावं तशी बोलले.

लाज वाटली का? वाटली. पण तिच्यासमोर ‘ढांकणुं मोटी’ म्हणायची लाज त्याहून मोठी होती. तिनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलेलं, माझ्या बहिणीसारखं गुजराती कुणाचं नाही. मला वाटायचं, गर्विष्ठ म्हणेल तर म्हणू दे. गर्विष्ठ चालेल. बिघडलेली नको.

परवा ती दारात उभी राहिली. न कळवता. हातात एकच पिशवी, खांद्यावरून घेतलेली शाल, केस आणखी पांढरे. मला बघून तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, वाकडा तर नाही ना राहिला, ते बघायला. मग भडाभडा बोलायला लागली. तिला मराठी फारसं येत नाही, मी तिचं बोलणं इथे मराठीत सांगतेय एवढंच. मी नुसती मान डोलवत होते. चहा केला, खायला काढलं, पाठीला उशी दिली, मागची खोली उघडून दाखवली. हात चालू, तोंड बंद. जे अगदीच बोलायला लागेल ते मी मराठीत बोलायची आणि हे तिला गुजरातीत सांगायचे. विचार करा! आमच्या दोघींच्या मध्ये दुभाषी कोण, तर हे! ‘बिलाडी आव्युं’वाले! मोटीबेन एकदा यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता पुढचं बोलायची.

रात्री ती मागच्या खोलीत झोपली. मी पडल्या पडल्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, सकाळी बोलू म्हणून. सकाळी उठले आणि एकही जुळलेलं उरलं नव्हतं.

नाश्ता झाल्यावर तिनं मला समोर बसवलं. हे टेबलाच्या तिसऱ्या बाजूला, दुकानात जायच्या तयारीत.

‘नीट ऐक,’ ती म्हणाली. ‘मला सुईचं नाक आता दिसत नाही. दुकान चालवणं होत नाही. आपलं ठरलं होतं ते मी विसरलेले नाही, पण तुझं आजारपण झालंय, तुझ्या घरातलं तुला माहीत. मी इथे येऊन राहू का? नाहीतर दिराच्या मुलाकडे जाते. तो हॉलमध्ये पलंग टाकून देतो म्हणतोय. मला वाईट वाटणार नाही. पण काय ते तुझ्या तोंडानं सांग.’

माझ्या तोंडानं! तेच तर नव्हतं ना माझ्याकडे.

तुम्ही म्हणाल, ‘आव’ म्हणायचं होतं. ये. त्याला लिंग नाही, शेपूट नाही. सगळ्या व्याकरणात त्याहून सोपा शब्द नाही. आणि मला तो येत होता, जिभेवर होता. पण मी पुढचा विचार केला. ती येणार. रोज सकाळी समोर बसणार. रोज बोलणार. एक दिवस लपवता येईल, दोन दिवस येईल, जन्मभर कसं लपवायचं? शेजारी गुजराती बायका शोधून काढील, त्यांना घरी बोलावील, म्हणेल ‘सांभळो’. आणि मी सगळ्यांसमोर घराला बाई म्हणणार, नवऱ्याला नपुंसक म्हणणार.

मी यांच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, ‘तिला सांगा, घर लहान पडेल.’

हे माझ्याकडे बघतच राहिले. ‘काय सांगू?’

‘सांगितलं ना एकदा. लहान पडेल म्हणावं.’

यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘अगं, पण...’

‘सांगा हो!’

यांनी टेबलाकडे बघत सांगितलं, ‘मोटीबेन... एम कहे छे के... घर नानी पडशे.’

आणि मी म्हणाले, ‘नानुं. नानुं पडशे.’

बरोबर आलं! अहो, बरोबर आलं! घर, नपुंसकलिंग, नानुं, शेवटचा नाकातला सूर आणि सगळं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. यांना सुधारायची सवय इतकी हाडात मुरलेली की जिभेला विचार करायला वेळच मिळाला नाही. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, मी टेबलावर थाप मारली. मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं, नानुं, नानुं. त्या आनंदात मी मोटीबेनकडे बघितलंसुद्धा नाही.

बघितलं तेव्हा ती तिच्यासमोरचा नॅपकीन घडी करत होती. कडेला कड जुळवून, बोटानं चुण्या मोडत. ‘हा,’ ती म्हणाली. ‘समजले.’ मग उठली आणि पिशवी भरायला लागली.

तिनं यांना सोडायला येऊ दिलं नाही. खाली टॅक्सी आली, ती लिफ्टनं गेली. हे दारातून आत आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसले. मला वाटलं दुकानाला उशीर झाला म्हणून चिडलेत.

‘तुला एक सांगतो,’ हे म्हणाले. ‘तिला सगळं माहीत होतं.’

‘काय सगळं?’

‘तुझ्या बोलण्याचं. महिन्यापूर्वी मीच फोन करून सांगितलं. तू स्वयंपाकघरात झाकणं आपटत असतेस ते मला काय ऐकू येत नाही? ती चित्रवाली म्हणाली ना, जवळचं कुणी रोज बोलत बसलं तर परत येतं. मी मोटीबेनला म्हटलं, माझ्या गुजरातीनं तर हिचं आणखी बिघडेल, तुम्ही या.’ यांचा आवाज चढला. यांचा आवाज कधी चढत नाही. ‘तिचे डोळे ठणठणीत आहेत. मीच तपासलेत. चांगलं चाललेलं दुकान बंद करून आली ती. मशीन शेजारणीला देऊन आली. मला शपथ घातली, तिला कळू देऊ नका, लाजेल. मलाच गरज आहे असं मी दाखवीन म्हणाली. आणि तू तिला घर लहान पडेल म्हणून सांगायला लावलंस. माझ्या तोंडून.’

मी पायात सपाता होत्या तशीच निघाले. हे मागून धावत आले, लिफ्टमध्ये माझा दंड धरून उभे राहिले. खाली बसस्थानकाची टॅक्सी केली. मला स्वतःची इतकी शिसारी आली होती की खिडकीच्या काचेत चेहरा दिसला तो मी हातानं झाकला.

बसस्थानकावर ती बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. तिची बस लागलेली होती, लोक चढत होते. हे लांबच थांबले. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि माझ्या बहिणीशी गुजरातीत बोलले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

‘मोटीबेन, पाछो आव. घर मोटी छे.’

परत ये, घर मोठं आहे, असं म्हणायचं होतं. निघालं ते हे. बहिणीला पुरुष केलं, घराला बाई केलं. शेजारच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यांना गुजराती येत असावं. हसू देत. मी थांबले नाही. वर्गाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, झाकणांचं सांगितलं, सगळं उलटंपालटं, ओ-च्या जागी उं आणि उं-च्या जागी ई. घाम फुटला होता. ती पूर्ण ऐकत होती, एकदाही न तोडता. मी आयुष्यात कुणाचं असं ऐकून घेतलेलं नाही.

माझं संपल्यावर तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

‘लहान होतीस तेव्हा असंच बोलायचीस,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांना उं लावायचीस. बापूजींनासुद्धा. मीच सुधारलं तुला, दुकानात बसल्या बसल्या. आता पुन्हा सुधारलं असतं. मला काय काम होतं दुसरं?’

‘चल ना मग,’ मी म्हणाले. ते मात्र बरोबर आलं असावं.

तिनं मान हलवली. ‘कालपासून वाट बघत होते मी. तू मराठीत बोलत होतीस, मला वाईट नाही वाटलं. म्हटलं, लाजतेय, बोलेल. सकाळी मेहुणे म्हणाले, घर नानी पडशे. तरी मला वाटलं, यांना कुठे गुजराती येतं, नेहमीसारखं काहीतरी भलतंच सांगत असतील. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, आता ही म्हणेल, नाही, नाही, तसं नाही.’ तिनं पिशवीचा बंद घट्ट केला. ‘आणि तू ते सुधारून दिलंस.’



कंडक्टरनं हाक मारली. ती उठली. मी तिची पिशवी धरून ठेवली, लहान पोरानं धरावी तशी. तिनं एकेक बोट उलगडून ती सोडवून घेतली, रागानं नाही, सावकाश. ‘एकदा विचारलं मी,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्यांदा विचारायला मला नाही जमणार. तब्येतीला जप.’ आणि चढली.

खिडकीशी तिला जागा मिळाली. काच बंद होती. मी काचेवर थापा मारल्या, ती बघत होती, पण काच उघडायची कडी तिला सापडेना, की तिनं शोधलीच नाही, मला कळलं नाही. बस मागे सरकली, वळली. मी सपाता घासत तिच्या बाजूनं चालत होते. लोक बाजूला होत होते. कुणीतरी म्हणालं, आजी, सांभाळून.

‘घर मोटो छे,’ मी ओरडले. ‘घर मोटी छे. घर मोटुं छे.’ तिन्ही म्हटली. त्यातलं एक तरी बरोबर होतं.